आज पाणी किती?

राफ्टिंगची ट्रिप ठरते कशी, ते एकदा आठवून बघा. ग्रुपवर कुणीतरी एक रील टाकतं. निळा राफ्ट, पिवळी हेल्मेट्स, पांढरंशुभ्र फेसाळतं पाणी. खाली पंधरा जणांचे ‘डन!’ पडतात. मग प्रश्न सुरू होतात. पर हेड किती? पिकअप कुठून? जेवणात नॉनव्हेज आहे का? चेंजिंग रूम आहे का? व्हिडिओ शूटचे वेगळे पैसे का? दहा-बारा जण असले तर डिस्काउंट किती?

या सगळ्यात एक प्रश्न कुणीच विचारत नाही. नदीत उतरायला निघालोय, तर नदीला आज पाणी किती आहे?

माझं म्हणणं एवढंच आहे की हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा आणि त्याचं उत्तर मिळणं हा आपला हक्क आहे. ‘भरपूर आहे’, ‘मस्त आहे’, ‘टेन्शन नका घेऊ’ ही उत्तरं नव्हेत. उत्तर म्हणजे आकडा, आणि त्या आकड्याचा त्या नदीवर काय अर्थ होतो ते. राफ्टिंग, कयाकिंग बंद करा असं मी अजिबात म्हणत नाहीये. उलट ते नीट, खूप आणि परत परत करता यावं म्हणूनच हा खटाटोप.

आपण तर पाणी मोजणारी माणसं

गंमत म्हणजे नदीचं पाणी मोजण्याची सवय मराठी माणसाला कुणी शिकवायला नको. नाशिककरांना विचारा. गोदावरीला पूर आला की ते मीटरमध्ये बोलत नाहीत. ‘दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत आलंय’, ‘छातीला लागलंय’ असं सांगतात, आणि अख्ख्या शहराला पूर किती मोठा ते कळतं. पुण्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की पहिला प्रश्न येतो, ‘भिडे पूल गेला का पाण्याखाली?’ कोल्हापुरात जुलै महिन्यात चहाच्या टपरीवरसुद्धा पंचगंगेचे फूट आणि इंच तोंडपाठ असतात. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा पातळी आणि ४३ फूट म्हणजे धोका पातळी, हे तिथल्या शाळकरी पोरालाही माहीत असतं. सांगलीत हेच आयर्विन पुलाजवळ बघतात. तिथे इशारा ४० फुटांवर आणि धोका ४५ वर.

आता यातली मेख बघा. कोल्हापुरात ४३ फूट म्हणजे धोका. सांगलीत ४३ फूट म्हणजे इशारा ओलांडला, पण धोका पातळी अजून दोन फूट लांब. आकडा तोच, अर्थ वेगळा. कारण प्रत्येक पट्टीचं शून्य वेगळ्या जागी असतं, प्रत्येक ठिकाणी पात्राची रुंदी, उतार, काठाची उंची वेगळी असते. म्हणून ‘नदीला चार फूट पाणी आहे’ हे वाक्य एकटं काहीच सांगत नाही. कुठल्या पट्टीवर चार फूट? आणि त्या पट्टीवर चार असताना पुढच्या दगडांच्या टप्प्यात काय होतं? हे दोन प्रश्न जोडले की मग आकडा बोलायला लागतो.

आणखी एक गोष्ट. इशारा पातळी आणि धोका पातळी या काठावरच्या वस्तीसाठी ठरवलेल्या असतात. पाणी रस्त्यावर, शेतात, घरात कधी शिरेल, यासाठी. रायगड जिल्ह्यात पावसाळ्यात कुंडलिका, सावित्री, अंबा, पाताळगंगा, उल्हास या नद्यांच्या पातळ्या अशाच जाहीर होतात. त्या वाचून ‘नदी इशारा पातळीच्या खाली आहे, म्हणजे चला’ असा हिशोब केलात तर फसाल. गावाला काही होत नाही तेव्हाही छोट्या कयाकमध्ये बसलेल्या माणसासाठी तीच नदी केव्हाच हाताबाहेर गेलेली असू शकते. घराला पाय फुटत नाहीत, ते काठावर असतं. तुम्ही मधोमध असता.

क्युसेक म्हणजे नेमकं किती?

जुलै-ऑगस्टमध्ये पेपरच्या डेस्कवर रोज विसर्गाच्या बातम्या येतात. अमुक धरणातून इतके हजार क्युसेक, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे. इंटर्न म्हणून अशा बातम्या हाताखालून जातात तेव्हा मला सारखं वाटतं की या आकड्याचं चित्र वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उभं राहायला हवं.

तर क्युसेक म्हणजे एका सेकंदाला एक घनफूट पाणी. लिटरमध्ये साधारण २८. म्हणजे १००० क्युसेक म्हणजे दर सेकंदाला २८ हजार लिटर. आपल्या गल्लीत येणारा दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांपुढे आणा. असे जवळजवळ तीन टँकर, दर सेकंदाला, तुमच्या समोरून जातायत. हे फक्त एक हजार क्युसेकचं झालं.

आता गणित जरा पुढे न्या. वीस मीटर रुंद पात्र, सरासरी एक मीटर खोल पाणी, वेग सेकंदाला एक मीटर. गुणाकार केला की सेकंदाला वीस घनमीटर, म्हणजे साधारण ७०० क्युसेक. हेच पाणी पुढे दहा मीटर रुंदीच्या खडकाळ अरुंद जागेतून जायचं असेल तर? पाणी तर तेवढंच आहे. मग ते एकतर खोल होतं, नाहीतर वेगात जातं, बहुतेकदा दोन्ही. म्हणून एकाच दिवशी, एकाच विसर्गात, एका वळणावर नदी बाथटबसारखी वाटते आणि पुढच्या वळणावर अंगावर येते.

यात सगळ्यात महत्त्वाचं गणित वेगाचं. पाण्याचा वेग दुप्पट झाला की अंगावर येणारा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. वेग तिप्पट झाला तर जोर नऊपट. गुडघाभर पाण्यात उभं राहता येत नाही, हे ऐकून आपण हसतो, पण त्यामागे हे साधं फिजिक्स आहे. गावाकडची माणसं एका शब्दात सांगतात, ‘पाण्याला ओढ आहे.’ खोली डोळ्यांना दिसते, ओढ दिसत नाही. पाय टाकल्यावर कळते.

प्रत्येक नदीचं घड्याळ वेगळं

पाणी किती, यालाच जोडून दुसरा प्रश्न येतो. हे पाणी येतं कुठून आणि किती वाजता?

कोलाडचं उदाहरण घ्या, कारण आपल्यापैकी बहुतेकांचं पहिलं राफ्टिंग तिथेच होतं. मे महिन्यात सह्याद्रीतल्या बाकीच्या नद्यांचे दगड उघडे पडलेले असतात, तेव्हा कुंडलिकेत राफ्ट कसा चालतो, असा प्रश्न कधी पडलाय? हे पाणी वरच्या मुळशी धरणातलं. ते घाटाखाली भिऱ्याच्या वीजकेंद्रात येतं, त्यावर वीज तयार होते आणि मग ते कुंडलिकेला मिळतं. नैसर्गिकरीत्या मुळेचं हे पाणी पूर्वेला, भीमेकडे जायचं. धरणाने ते कोकणात वळवलं. ज्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी मुळशीचा सत्याग्रह केला, तेच हे धरण. म्हणजे आपण ज्याला ‘नॅचरल रॅपिड्स’ म्हणून स्टेटस टाकतो, ते पाणी विजेच्या निर्मितीच्या वेळापत्रकावर चालतं. सकाळी पाणी सुटलं की राफ्ट निघतात. पाणी थांबलं की पात्र पुन्हा उतरतं.

ही झाली बटनावर चालणारी नदी. तिच्याबाबतीत विचारायचं ते हे, की आज पाणी कधी सुटणार, आपल्या सुरुवातीच्या ठिकाणी कधी पोहोचणार आणि वर पाऊस आहे का? पावसाळ्यात सोडलेल्या पाण्यात डोंगरातून येणाऱ्या ओढ्यांचं पाणी मिसळतं. मग वेळापत्रक एकट्याने पुरत नाही.

गोव्यात म्हादईवर, वाळपईच्या बाजूला, पावसाळ्यात राफ्टिंग होतं. केरळमध्ये कोझिकोडजवळ कोडंचेरीला मलबार रिव्हर फेस्टिव्हलसाठी कयाकर्स येतात, तेही पावसाळ्यातच. या पश्चिम घाटातल्या पावसावर चालणाऱ्या नद्या. पात्र लहान, उतार तीव्र, पाणलोट क्षेत्र आटोपशीर. त्यामुळे वर तासभर जोरदार सर बरसली की खाली पाणी भराभर चढतं आणि पाऊस थांबला की तितक्याच लवकर उतरतं. इथे सकाळी पाहिलेली पातळी दुपारी शिळी झालेली असते. तुमच्या डोक्यावर ऊन आहे, हे काही उत्तर नाही. वरच्या डोंगरावर काय चाललंय, ते उत्तर.

ऋषिकेशच्या गंगेचं घड्याळ आणखी वेगळं. उन्हाळ्यात वितळलेल्या बर्फाचं पाणी येतं, वर टिहरीसारख्या धरणांचा विसर्ग असतो आणि पावसाळ्यात तर तिथलं राफ्टिंग बंदच ठेवतात. बर्फाच्या नद्यांमध्ये दिवसभराच्या उन्हाने वितळलेलं पाणी खाली पोहोचायला वेळ लागतो. म्हणून उगमाजवळच्या भागात सकाळी ओलांडलेला ओढा संध्याकाळी ओलांडता येईलच असं नाही. हिमालयात ट्रेक केलेल्यांना हे बरोबर आठवेल.

तीन नद्या, तीन घड्याळं. ‘मी ऋषिकेशला केलंय रे, कोलाड म्हणजे काय’ हे वाक्य म्हणूनच पोकळ आहे. तुम्ही एका नदीवर, एका दिवशीच्या, एका पातळीवर केलंय. ग्रेडचंही तसंच. राफ्टिंगमध्ये नदीच्या टप्प्यांना एक ते सहा अशी ग्रेड देतात. जाहिरातीत ‘ग्रेड दोन-तीन’ लिहिलेलं असतं, जणू काही ती ग्रेड दगडावर कोरलीये. पण पाणी वाढलं की तोच टप्पा एक ग्रेड वर जाऊ शकतो. ग्रेड ही नदीची नसते, त्या दिवशीच्या पाण्याची असते.

बियासच्या काठावर

८ जून २०१४. हिमाचलमधल्या मंडी जिल्ह्यात, थलौट गावाजवळ, हैदराबादच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजची ट्रिप थांबली होती. मुलं-मुली फोटो काढायला बियास नदीच्या पात्रातल्या दगडांवर उतरली. पाणी कमी होतं, दगड कोरडे होते. वरच्या लारजी जलविद्युत प्रकल्पातून पाणी सोडलं गेलं आणि काही मिनिटांत पात्र भरलं. चोवीस विद्यार्थी आणि त्यांच्यासोबतचा टूरचा एक माणूस वाहून गेले.

ते आपल्याच वयाचे होते. ती मुलं काही स्टंट करत नव्हती. ती राफ्टमध्येही नव्हती. त्यांना फक्त हे माहीत नव्हतं की समोर दिसणारं पाणी ही नदीची खरी पातळी नाही, ती फक्त त्या क्षणाची पातळी आहे. हे सांगणारं तिथे त्यांच्यासमोर काहीच नव्हतं.

आपल्याकडे ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण गेले. तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिला. एकमेकांना घट्ट धरून उभी असलेली माणसं. तिथे धरणाचं दार उघडलं नव्हतं. वरून डोंगरातलं पाणी वाढलं होतं. एका ठिकाणी माणसाने सोडलेलं पाणी, दुसऱ्या ठिकाणी पावसाचं. बाकी गोष्ट तीच. उतरताना जेवढं पाणी होतं तेवढंच राहील, हे गृहीत धरलं गेलं.

कमी पाणी म्हणजे सेफ?

नाही. ही दुसरी गैरसमजूत. पाणी कमी असलं की दगड वर येतात. राफ्ट अडकतो, कयाकचं तोंड दोन दगडांच्या फटीत शिरतं आणि मागून पाणी दाबत राहतं. पाण्यात पडलेला माणूस घाबरून उभं राहायला जातो, पाय दगडात अडकतो आणि प्रवाह त्याला पुढे आडवा करतो. कंबरभर पाण्यातही असं होऊन माणूस जाऊ शकतो. म्हणून गाईड सांगतात ना, की पडलात तर उभं राहू नका, पाठीवर पडून पाय पुढे आणि वर ठेवा? ते ब्रीफिंग चालू असताना आपण सेल्फी काढत असतो.

पाणी जास्त झालं की वेगळे धोके. खडकांमागे जे शांत पाणी असतं, जिथे राफ्ट वळवून दम घेता येतो, त्या जागा पुसल्या जातात. पडलेला माणूस लवकर हाताला लागत नाही, लांब वाहत जातो. काठावरची झाडं पाण्यात येतात. झाडाच्या फांद्यांतून पाणी आरपार जातं, माणूस जात नाही. गाळणीत चहापत्ती अडकावी तसा अडकतो.

आणि बंधारे. आपल्याकडे गावोगावी कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे आहेत. दिसायला किती साधे! वरच्या बाजूने येताना तर काहीच दिसत नाही. पाणी संथ, पुढे एक सरळ रेष. पण बंधाऱ्यावरून पडणारं पाणी खाली आपटून उलटं, बंधाऱ्याकडे फिरत राहतं आणि त्यात सापडलेली वस्तू पुन्हा पुन्हा आत ओढली जाते. पाण्यात हवा मिसळलेली असल्यामुळे लाइफ जॅकेटही नेहमीसारखं उचलत नाही. बर्गे काढलेले असतील तर पाणी खांबांच्या मधून जोरात जातं आणि होडी खांबांवर चिकटून बसते. म्हणून ‘लाइफ जॅकेट आहे ना, मग काय’ हे वाक्य अर्धंच खरं आहे. जॅकेट तरंगवतं. कुठे तरंगत जायचं, ते पाणीच ठरवतं.

थोडक्यात, प्रत्येक टप्प्याला खालची एक मर्यादा असते आणि वरचीही. मधला जो पट्टा, त्यात मजा असते. अनुभवी कयाकर्स हाच पट्टा शोधत असतात. अमेरिकेत, ब्रिटनमध्ये नद्यांच्या मोजपट्ट्यांची ताजी आकडेवारी ऑनलाइन असते आणि निघण्याआधी ती बघणं हा तिथल्या कयाकर्सच्या सवयीचा भाग असतो. आकडा पट्ट्याबाहेर असेल तर गाडी घरीच राहते. त्यात शूरपणाचा प्रश्नच येत नाही.

काठावर उभं राहून काय बघाल?

आकडा हातात नसेल तरी नदी गप्प नसते. पोहोचल्यावर कपडे बदलायच्या आधी पाच मिनिटं काठावर उभे राहा. पाण्याच्या अगदी कडेला एक दगड ठेवा किंवा काडी रोवा. ब्रीफिंग झाल्यावर परत बघा. काडी पाण्यात गेली असेल तर नदी चढतेय. खडकांवर पाण्याच्या वर ओला पट्टा दिसत असेल तर ती उतरतेय. मघाशी स्वच्छ असलेलं पाणी अचानक गढूळ झालं, त्यात पानं, काटक्या, फेस वाहत यायला लागला, किंवा आवाज बदलला, तर वरून काहीतरी येतंय. अशा वेळी चर्चा करायची नसते. आधी वर काठावर यायचं, मग बोलायचं.

आणि गावातल्या माणसाला विचारा. कपडे धुणाऱ्या मावशींना, म्हशी घेऊन आलेल्या काकांना. ‘आज पाणी नेहमीपेक्षा जास्त वाटतंय का?’ असं विचारा. ‘सेफ आहे का?’ असं विचारलंत तर ते तुमचं मन मोडायचं म्हणून ‘जावा की’ म्हणतील. पाण्याबद्दल विचारलंत तर नेमकं उत्तर मिळेल.

बंदी नको, पट्टी द्या

आता प्रशासनाबद्दल. दरवर्षी पावसाळ्यात एखादी दुर्घटना होते आणि मग सरसकट बंदीचे आदेश निघतात. धबधबे बंद, धरणं बंद, नदीकाठ बंद. मी समजू शकते की आणीबाणीत दुसरा उपाय हाताशी नसतो. पण वर्षानुवर्षं हाच एक उपाय असेल तर प्रॉब्लेम आहे. बंदीमुळे पाणी कसं बघायचं ते कुणी शिकत नाही. एका जागी पोलीस उभे राहिले की गर्दी पुढच्या, अनोळखी धबधब्याकडे सरकते, जिथे ना फलक असतो ना माणूस. शिवाय बंदीला पाणी कळत नाही. कोरड्या आठवड्यात ती असते आणि ऑक्टोबरच्या अवकाळी पावसात, जेव्हा खरंच गरज असते, तेव्हा उठलेली असते.

त्यापेक्षा ज्या ठिकाणी माणसं उतरतात तिथे रंगवलेली मोजपट्टी लावा. खाली पिवळा, मध्ये हिरवा, वर लाल. पाणी लालला लागलं की कुणीही उतरायचं नाही, ना ग्राहक ना कंपनी. वरच्या धरणातून पाणी कधी सुटणार त्याची वेळ तिथेच, मराठी-हिंदीत, मोठ्या अक्षरात. राफ्टिंग कंपन्यांनी रोज सकाळी आपल्या पेजवर रीलसोबत पातळी टाकायची. आणि पातळी लालमध्ये गेली म्हणून ट्रिप रद्द झाली तर पूर्ण पैसे परत किंवा दुसरी तारीख. हे शेवटचं महत्त्वाचं आहे, कारण चुकीचे निर्णय पुष्कळदा पैशामुळे होतात. पैसे बुडणार असतील तर ग्राहक म्हणतो ‘जाऊ या ना’ आणि धंदा बुडणार असेल तर कंपनीही तेच म्हणते.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, ‘आमचे गाईड रोज नदीवर असतात, त्यांना पट्टी लागत नाही.’ मान्य. गाईड दादांची नजर कुठल्याही पट्टीपेक्षा तल्लख असते. पण सीझनच्या रविवारी, चार बस उभ्या असताना, मालकाला ‘आज नको’ म्हणायला त्याच दादांना आधार लागतो. पट्टी तो आधार आहे. मग ‘नाही’ तो माणूस म्हणत नाही, पट्टी म्हणते.

दुसरा आक्षेप, ‘हिरवा रंग बघून लोक आणखी बेफिकीर होतील.’ हा आक्षेप खरा आहे. पट्टी चालू क्षण सांगते, पुढचा तास सांगत नाही. म्हणूनच पट्टीसोबत विसर्गाची वेळ आणि वरच्या पावसाचा अंदाज हवाच. पण आज आपण ना पट्टी बघतो ना अंदाज. अर्धी माहिती धोक्याची, हे ठीक. पण शून्य माहिती त्याहून बरी, असं थोडंच आहे?

आणि आपलं काय?

सरकार पट्टी लावेल तेव्हा लावेल. तोवर एक गोष्ट आपल्या हातात आहे. ‘नाही’ म्हणायचं ते घरीच ठरवून निघायचं. काठावर पोहोचल्यावर ते जमत नाही. तीन तास प्रवास झालेला असतो, पैसे भरलेले असतात, पंधरा जण जॅकेट घालून तयार असतात. तिथे ‘मला पाणी जास्त वाटतंय’ म्हणणारा एकटा पडतो आणि ‘फट्टू’ ठरतो. म्हणून ग्रुपवर आधीच लिहून ठेवा. पाणी अमुकपेक्षा वर असेल, गढूळ होऊन चढत असेल, वर घाटात रेड अलर्ट असेल, तर नदी कॅन्सल आणि मिसळ फिक्स. एकदा नियम लिहिला की कुणाला शूर किंवा भित्रा ठरावं लागत नाही. आणि ग्रुपमधल्या एकाने जरी ‘मी नाही उतरत’ म्हटलं, तर त्याला कारण विचारायचं नाही. हाही नियमच.

नदी पुढच्या रविवारीही तिथेच असणार आहे. कुंडलिकेचं पाणी सोमवारी सकाळी पुन्हा सुटणार आहे. तेव्हा ग्रुपवर पुढची रील पडली की ‘पर हेड किती?’च्या आधी एक मेसेज टाका. ‘आज पाणी किती?’

बुकिंगआधी हे विचाराच

• हे पाणी धरणाचं की पावसाचं? धरणाचं असेल तर किती वाजता सुटतं आणि आपल्यापर्यंत कधी पोहोचतं?
• तुम्ही पातळी कुठे आणि कशाने मोजता? किती पातळीच्या वर आणि किती खाली तुम्ही ट्रिप बंद करता?
• पाण्यामुळे ट्रिप रद्द झाली तर पैसे परत मिळतात का?
• वाटेत बंधारा, पूल, पडलेलं झाड आहे का? तिथे राफ्ट किंवा कयाक उचलून काठाने न्यायची सोय आहे का?
• राफ्टसोबत मदतीसाठी सेफ्टी कयाक असतो का? ट्रिपच्या दिवशी वरच्या भागातल्या पावसावर कोण लक्ष ठेवतं?

दुसऱ्या प्रश्नाला ‘आमचं कधी बंद नसतं’ असं उत्तर आलं, तर फोन ठेवा आणि दुसरी कंपनी शोधा.